पाणी तपासणी प्रयोगशाळेतलं ओजेटी : मे-जूनच्या कामाच्या नोंदी

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला (ओजेटी) ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. वर्गातल्या बऱ्याच जणांनी औषध कंपन्या निवडल्या. मी पूर्व विदर्भातल्या एका जिल्ह्याची पाणी तपासणी प्रयोगशाळा घेतली. गावोगावचे जलसुरक्षक (गावाच्या पाण्याचं काम पाहणारे) ग्रामपंचायतीच्या विहिरी, नळयोजना आणि हातपंपांचे नमुने इथे आणून देतात. पुढच्या वर्षी अशा प्रयोगशाळेत जाणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी रोजच्या रोज लिहिल्या. पद्धतींची पुस्तकं तिथे कपाटात आहेत, ती इथे उतरवत नाही. काय अडलं आणि कशाने सुटलं, तेवढंच लिहिते आहे.

१२ मे

पहिल्या दिवशी ब्युरेट (द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची काचनळी) हातात मिळेल असं धरून जाऊ नका. दिवसभर काचसामान धुतलं. इथले मदतनीस काका या कामात फार कडक आहेत आणि ते का, हे मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. साबणाचा अंश जाईपर्यंत नळाखाली, मग डिस्टिल्ड वॉटरने तीनदा. धुतलेला फ्लास्क उजेडाकडे धरायचा. पाणी काचेवर सलग पसरलं तर भांडं स्वच्छ, थेंब धरून राहिलं तर परत धुवायचं. फ्लोराइडच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वेगळ्या रॅकवर असतात, त्या दुसऱ्या कशालाही वापरायच्या नाहीत.

खर्च: सुती अ‍ॅप्रन ३८० रुपये. टेरिकॉटचा स्वस्त मिळतो, पण बर्नर आणि आम्ल असलेल्या खोलीत तो घालू देत नाहीत. राहायला मावशीकडे, एसटीला महिलांसाठीचं अर्धं तिकीट. मानधन नाही.

१३ मे

कठीणपणाची, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाची, तपासणी शिकायला बसले. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, आधी ब्लँक कर. ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच सगळी प्रक्रिया करायची. ५० मिली पाणी, १ मिली अमोनिया बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर (रंग बदलून खूण देणारा पदार्थ). रंग सरळ निळा यायला हवा. आला वाइनसारखा लाल. ईडीटीएचे (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं द्रावण) ०.४ मिली घातल्यावर निळा झाला. म्हणजे आमच्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम कठीणपणा होता.

कंडक्टिव्हिटी मीटर लावून पाहिलं. आधी मीटरवरच शंका घेतली, म्हणून ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने तपासलं. २५ अंशांना ते १४१३ मायक्रोसीमेन्स दाखवायला हवं आणि जवळपास तेवढंच दाखवत होतं. मीटर ठीक होता, पाणीच खराब होतं.

या पाण्यात बनवलेली सगळी द्रावणं संशयात आली. दिवसभराचे नमुने थांबवले. मॅडमनी तो निर्णय एका मिनिटात घेतला, हे मला फार आवडलं.

१४ मे

डिस्टिलेशनचा संच उघडला. हीटरच्या कॉइलवर बोटाएवढा जाड पांढरा थर. इथलं नळाचं पाणीच कठीण, त्यामुळे हे व्हायचंच. पण थर नुसता साचला तर पाणी हळू तयार होतं, खराब होत नाही. खराब होतं ते भांडं नको तितकं भरल्यामुळे. उकळताना शिंतोडे वाफेबरोबर वर चढत होते आणि कंडेन्सरमधून खाली येत होते. त्यातच मे महिन्यामुळे नळाला पाण्याचा जोर कमी आणि पाणी कोमट, म्हणून उत्पादन घटलेलं. ते वाढवायला कुणीतरी पातळी वर नेऊन ठेवली असावी.

पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने थर काढला. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा. थर विरघळताना भरपूर फेस येतो, म्हणून आम्ल थोडं थोडं घालायचं. नंतर भरपूर पाण्याने धुतलं. पहिले दोन कॅन सरळ मोरीत. तिसऱ्या कॅनचं ब्लँक निळं आलं.

दोन दिवस गेले. आता रोज सकाळी पहिलं काम ब्लँकचं, आणि त्याचा आकडा वेगळ्या वहीत.

१६ मे

आज दुपारनंतर कठीणपणाच्या टायट्रेशनचा (रंग बदलेपर्यंत ब्युरेटने द्रावण घालून मोजण्याचा) शेवटचा बिंदू धूसर यायला लागला. लाल, जांभळा, राखाडी, मग कधीतरी निळा. दोघींनी केलेल्या टायट्रेशनमध्ये १ मिलीपर्यंत फरक. सकाळी हेच नमुने छान येत होते.

कारण बफर निघालं. पीएच १० लागतो, आमचा भरला ९.४. बाटलीचं बूच सैल, बाहेर ४४ अंश, त्यामुळे अमोनिया उडून गेला होता. नवीन बफर केलं, लहान लहान बाटल्यांत भरलं आणि एका वेळी एकच उघडायची असं ठरलं. इंडिकेटरचं द्रावणही टाकून दिलं, ते लवकर निकामी होतं. अर्धा ग्रॅम इंडिकेटर १०० ग्रॅम मिठात, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइडमध्ये, खलून कोरडं ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं.

बफर घातल्यापासून पाच मिनिटांच्या आत टायट्रेशन संपवायचं, नाहीतर त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि आकडा कमी येतो. फोन आला तर घेऊ नका.

१९ मे

फ्लोराइड. या भागात याच आकड्याची वाट लोक पाहतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या कितीतरी गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे आधी मुलांच्या दातांवर डाग, आणि वर्षानुवर्षं जास्त मात्रा जात राहिली तर हाडं, सांधे.

पद्धत स्पॅड्न्स या लाल रंगद्रव्याची. ५० मिली नमुन्यात १० मिली लालसर अभिकर्मक घालून रंगाची तीव्रता यंत्रावर ५७० नॅनोमीटरला वाचायची. यात फ्लोराइड वाढलं की रंग फिका होतो, म्हणजे आलेख उतरता येतो. हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

आमच्या मानक द्रावणांचे, म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांचे, बिंदू रेषेवर बसेनात. ०, ०.२, ०.४ असं १.४ पर्यंत केलं. मधले दोन वर, शेवटचा खाली. परत केलं, या वेळी वेगळेच बिंदू बाहेर.

२१ मे

अजून फ्लोराइडच. दोन कारणं सापडली.

पहिलं, १० मिली अभिकर्मक मोजनळीने घातलं जात होतं. या पद्धतीत सगळा रंग त्या १० मिलीतूनच येतो. तिथे ०.२ मिलीचा फरक म्हणजे रंगात २ टक्के फरक, आणि आपण रंगातली छोटीशी घट मोजतोय. आता पिपेटनेच, आणि सगळ्यांसाठी एकच पिपेट.

दुसरं कारण सापडायला जास्त वेळ लागला. मानक द्रावणं यंत्राच्या एसी खोलीत तयार होत होती आणि नमुने बाहेरच्या हॉलमध्ये ठेवलेले असत. आत २५ अंश, बाहेर ३८. हा रंग तापमानाला हळवा आहे. एकाच वेळी वाचलेली दोन द्रावणं वेगळ्या तापमानाची असतील तर तुलनाच चुकते. मानकांमध्येही काही एसीत जास्त वेळ राहिलेली, काही नुकती बाहेरच्या पाण्याने बनवलेली, म्हणून बिंदू इकडेतिकडे जात होते.

उपाय साधा. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात पाणी भरून तो एसी खोलीत ठेवला. नमुने, मानकं, डिस्टिल्ड वॉटर, अभिकर्मक, सगळं अर्धा तास त्या टबात. मग एका दमात पिपेटिंग आणि वाचन. बिंदू रेषेवर आले. सगळी मानकं पुन्हा केली तरी रेषा तीच आली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

क्लोरीन घातलेल्या नळयोजनेचा नमुना असेल तर आधी सोडियम आर्सेनाइटचा थेंब घालून क्लोरीन घालवावा लागतो, नाहीतर क्लोरीनही रंग उडवतो आणि नसलेलं फ्लोराइड दिसतं. आर्सेनाइट विषारी आहे, ती बाटली कुलपात असते, मॅडमना विचारूनच घ्यायची.

२३ मे

नमुने घ्यायला गावात. हे नक्की मागून घ्या, प्रयोगशाळेत बसून कळत नाही ते तिथे कळतं.

गावात दोन स्रोत. शाळेजवळचा हातपंप, खोल बोअरचा, आणि खालच्या आळीत जुनी उघडी विहीर. हातपंपावर रांग, विहिरीवर कुणी नाही. हातपंप काही मिनिटं हापसून पाइपातलं जुनं पाणी काढून टाकलं, मग बाटली त्याच पाण्याने खळबळून भरली. जीवाणूंच्या नमुन्याला मात्र बाटली खळबळायची नसते, ती निर्जंतुक असते आणि आत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट असतं. हातपंपाचं तोंड स्पिरिटच्या कापसाने पेटवून तापवायचं, हात झाकणाच्या आतल्या बाजूला लागू द्यायचा नाही.

रांगेतल्या एका ताईंना विचारलं, विहिरीचं का नाही नेत? त्या म्हणाल्या, "या बोअरिंगच्या पाण्यात डाळ पटकन शिजते जी. विहिरीच्या पाण्यात दाणा दाणा राहते."

ताईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. बोअरचं पाणी मऊ आहे. पण ते मऊ आहे म्हणजे त्यात कॅल्शियम कमी आहे, आणि कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यातच फ्लोराइड विरघळून राहतं. कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसण्याकडे कल असतो. जी गोष्ट डाळ शिजवते तीच फ्लोराइड धरून ठेवते. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांपैकी तिघाचौघांच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे होते.

दुसऱ्या एका आजींनी विचारलं, उकळून प्यायलं तर चालेल का? मॅडमनी स्पष्ट सांगितलं, नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो म्हणे. उत्तर तयार ठेवा.

२६ मे

त्या हातपंपाचा आकडा. पहिल्या वाचनात शेवटच्या मानकाच्याही पलीकडे गेला. यंत्राने रेषा आपोआप पुढे ओढून १.७ दाखवलं. हा १.७ वहीत जाऊ शकला असता. पण १.४ च्या पुढे रंग उडण्याचा वेग मंदावतो, रेषा सपाट होत जाते, त्यामुळे ओढून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आणि १.७ वाचल्यावर गावात कुणीही म्हणेल, मर्यादेच्या जरासं वर आहे, चालतंय.

म्हणून विरल करून केलं. २० मिली नमुना ५० मिलीपर्यंत, वाचन १.२४, गुणिले २.५, म्हणजे ३.१. एकाच विरलनावर विश्वास ठेवायचा नाही असं मॅडमचं म्हणणं. १० मिलीचे ५० केले, वाचन ०.६२, गुणिले ५, पुन्हा ३.१. मग तिसरी चाचणी: त्याच १० मिलीत १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या मानकाचे २ मिली घालून ५० केले. वाचन ०.४० ने वाढायला हवं, म्हणजे १.०२. आलं १.०१. आता शंका उरली नाही. नमुन्यातलं दुसरं काही या रंगात ढवळाढवळ करत नाही.

हातपंप: फ्लोराइड ३.१, कठीणपणा ११०, पीएच ८.३.
विहीर: फ्लोराइड ०.६, कठीणपणा ३८०.

हातपंप पिण्यास अयोग्य. म्हणजे गावाला प्यायला विहिरीकडे वळावं लागणार. मला वाटलं काम झालं. मॅडम म्हणाल्या, आता त्या विहिरीची जबाबदारी आपल्यावर आली.

२७ मे

आज एका गठ्ठ्यात दोन अहवाल अडकले. एका नमुन्याची वाहकता ९२० आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९६०. दुसऱ्याची वाहकता १५४०, टीडीएस ५९०. टीडीएसचा आकडा साधारणपणे वाहकतेच्या ०.५५ ते ०.७ पट असतो. वाहकतेपेक्षा टीडीएस जास्त हे भूजलात पटणारं नाही. अदलाबदल करून पाहिलं तर दोन्ही जुळतात, ०.६४ आणि ०.६२. मधेच कुठेतरी बाटल्या बदलल्या होत्या.

बर्फाच्या खोक्यात कागदी लेबलं भिजून गळून पडली होती आणि झाकणांवरच्या नंबरांवरून परत चिकटवली होती. झाकणं तर धुताना, ओतताना इकडची तिकडे होतात. दोन्ही नमुने रद्द, नव्याने मागवले. गणित जुळतंय म्हणून नावं बदलून टाकणं मॅडमना मान्य नव्हतं, कारण बाकीच्या बाटल्याही त्याच खोक्यातल्या होत्या. सगळा खोका परत तपासला.

आता नंबर बाटलीच्या अंगावर, पर्मनंट मार्करने, वर पारदर्शक चिकटपट्टी. झाकणावर काहीच लिहायचं नाही. मार्कर मी आणले, चार नगांचे १२० रुपये.

३० मे

४० किलोमीटरवरून एक जलसुरक्षक दादा जीवाणू तपासणीचा नमुना घेऊन आले. पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत, पिशवीत, उन्हातून. नळयोजनेचं पाणी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेलं.

तो नमुना घेता येत नव्हता. बाटली निर्जंतुक नाही, म्हणून जंतू दिसले तर ते बाटलीतले की पाण्यातले हे सांगता येणार नाही. आणि आत थायोसल्फेट नाही, म्हणून क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहिला. आज शून्य आलं तरी त्याचा नळाच्या पाण्याशी संबंध नाही. ते शून्य अहवालात गेलं तर गाव निर्धास्त राहील.

दादांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणणं जड गेलं. एक दिवसाची मजुरी, बसभाडं. काकांनी त्यांना पाणी दिलं, निर्जंतुक बाटली आणि बर्फाचा डबा दिला, नमुना कसा घ्यायचा ते नळावर करून दाखवलं. परतीची बस तीनची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या बसने नमुना घेऊन आले. याच कारणासाठी निर्जंतुक बाटल्यांचा साठा कायम तयार ठेवायचा, माणूस रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

३ जून

फ्लोराइडच्या गावातून विहिरीसाठी वापरतात ती टीसीएल पावडर आली. ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. आयोडीनच्या टायट्रेशनने काढला: १४ टक्के.

पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत खिडकीखाली, तोंड उघडं. ऊन आणि दमट हवा लागली की क्लोरीन उडून जातो, पावडर मात्र दिसायला तशीच पांढरी राहते.

हिशेब करून पाहा. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी अडीच मीटर, म्हणजे साधारण ३१,४०० लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम या मापाने सुमारे १६० ग्रॅम पावडर. ३३ टक्क्यांची असेल तर लिटरला १.६५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतो. १४ टक्क्यांची असेल तर ०.७. उघड्या विहिरीत पाचोळा, शेवाळ, गाळ असतो, एवढा क्लोरीन तर तेच खाऊन टाकतात. तासाभराने ओटी टेस्ट (उरलेला क्लोरीन दाखवणारी रंगचाचणी) केली तर पिवळा रंग येणारच नाही. आणि तसंच झालं होतं. जलसुरक्षकांच्या वहीत रोज "टीसीएल टाकले" लिहिलेलं होतं, आणि ते खरंही होतं. ते रोज मापाने, न चुकता टाकत होते.

दिसायला ठीक असलेली पावडर तपासायला आणा, हे प्रत्येक गावाला सांगायला हवं. तपासणीला अर्धा तासही लागत नाही.

९ जून

रात्री पहिला पाऊस. आजपासून जीवाणूंचं काम वाढलं. मी रसायनवाली, एमपीएन (नळ्यांवरून जंतूंची संभाव्य संख्या काढायची चाचणी) पहिल्यांदाच करते आहे.

दहा मिलीच्या पाच नळ्या दुप्पट तीव्रतेच्या मॅकॉन्की ब्रॉथच्या (जंतू वाढवायचं द्रव माध्यम), एक मिलीच्या पाच, ०.१ मिलीच्या पाच. प्रत्येकीत उलटी ठेवलेली छोटी डरहॅम नळी. कोलिफॉर्म (दूषितपणा दाखवणारे जंतू) असतील तर जांभळा रंग पिवळा होतो आणि डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा अडकतो.

अडचण अशी की नमुना घालायच्या आधीच निम्म्या नळ्यांत बुडबुडे. त्या नळ्या निरुपयोगी, नंतरचा बुडबुडा कुणाचा ते कळणार कसं? काकांना विचारलं तर त्यांनी लगेच ओळखलं: ऑटोक्लेव्ह घाईत उघडला होता. १२१ अंशांवर १५ मिनिटं झाल्यावर दाब शून्यावर आपोआप येऊ द्यायचा आणि आतलं तापमान ७५ अंशांच्या खाली गेल्याशिवाय झाकण काढायचं नाही. तोवर डरहॅम नळ्या ब्रॉथने पूर्ण भरतात. वीज जाण्याच्या भीतीने दाब हाताने सोडला गेला होता. सगळी खेप फेकली, नवी केली. माध्यम महाग आहे, ही नुकसानी लहान नाही.

नळ्यांत नमुना घालताना पंखा बंद ठेवावा लागतो. बर्नर पेटलेला आणि हवा हलत नाही. भरपूर पाणी पिऊन बसा, मधे उठता येत नाही.

११ जून

वादळ. रात्री वीज बराच वेळ गेली. इनक्युबेटरमधल्या किमान-कमाल थर्मामीटरवर खालचा काटा ३१ ला. ३७ हवं होतं. पॉझिटिव्ह आलेल्या नळ्या पॉझिटिव्हच, पण निगेटिव्ह आलेल्यांवर भरवसा नाही, कारण जंतूंना वाढायला हवी तेवढी ऊब मिळाली नाही. जे नमुने निगेटिव्ह दिसत होते ते सगळे पुन्हा मागवले, त्यात त्या विहिरीचाही होता. गावाला अजून एक दिवस थांबावं लागलं, याची रुखरुख लागली.

केलेला बदल: इनक्युबेटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. रिकाम्या खणांत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या. पाणी उष्णता धरून ठेवतं, म्हणून तासभर वीज गेली तरी तापमान फारसं पडत नाही. थर्मामीटरही आता हवेत न लटकवता पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवला आहे, नळ्यांच्या आत जे घडतं त्याच्याशी ते जास्त जुळतं.

१४ जून

विहिरीचा नवा नमुना: दहा मिलीच्या पाचही नळ्या पिवळ्या आणि वायू. एक मिलीच्याही पाच. ०.१ च्या दोन. त्यातून ईसी ब्रॉथ या दुसऱ्या माध्यमात ४४.५ अंशांना लावलं, तिथेही वायू आला. म्हणजे विष्ठेतून आलेले जंतू. मानकाप्रमाणे १०० मिलीत ई. कोलाय एकही असता कामा नये.

एक स्रोत फ्लोराइडमुळे बाद, दुसरा जंतूंमुळे. फरक एवढाच की जंतूंचा उपाय पोतंभर चांगल्या टीसीएलमध्ये आहे. फ्लोराइड काढायला तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे. ती नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केली आणि गावात बादलीतही करता येते, पण रोज मात्रा मोजून तुरटी घालायची, ढवळायचं, निवळू द्यायचं, गाळ टाकायचा. हे घरोघरी रोज होईल का, यावर मॅडमचा विश्वास कमी आहे. गावात फ्लोराइड कमी असलेली विहीर असताना ती वाचवणं सोपं, असं त्यांचं मत. मलाही ते पटलं.

१७ जून

मॅडमबरोबर परत त्या गावात. नवं टीसीएल आधी आमच्याकडे तपासून घेतलं होतं, ३२ टक्के. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरलं, ड्रम अंधाऱ्या कोपऱ्यात. विहिरीच्या काठाला पावसाचं पाणी आत जात होतं, तिथे ग्रामपंचायतीने मातीची भर घालून घेतली. पावडर थेट न टाकता बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी विहिरीत सोडलं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट: फिका पिवळा, लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या जरा वर.

हातपंपाच्या ओट्यावर लाल रंगात लिहिलं: पाणी पिण्यासाठी वापरू नये. भांडी, कपडे, जनावरं धुवायला चालेल. डाळीच्या ताई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, मग डाळ कशात शिजवायची? स्वयंपाकाचं पाणीही पोटातच जातं, म्हणून विहिरीचंच. डाळ रात्री भिजत घातली तर कठीण पाण्यातही शिजते, हे त्यांनाच ठाऊक होतं, आम्ही फक्त फ्लोराइडचं सांगितलं.

२० जून

विहिरीचा फेरनमुना: ४८ तासांनंतर पंधराही नळ्या जांभळ्या. कंट्रोलच्या नळ्या बरोबर. या वेळी वीज गेली नव्हती, थर्मामीटर ३६.५ ते ३७.२ मध्ये.

१२० तास भरले. हजेरीच्या कागदावर रोजची सही रोज घ्या. शेवटी एकदम घ्यायला गेलं तर अधिकारी दौऱ्यावर असतात आणि महाविद्यालय तारखांच्या सह्या मागतं.

पुढे येणाऱ्यासाठी उरलेली कामं: स्पॅड्न्सच्या अभिकर्मकाची बाटली जुलैअखेर संपेल. नवीन केल्यावर आलेख नव्याने काढायचा, जुना चालत नाही. सोडियम फ्लोराइड संपत आलं आहे. मूळ मानकासाठी लिटरला २२१ मिलिग्रॅम लागतं आणि द्रावण प्लॅस्टिकच्याच बाटलीत ठेवायचं. ब्लँकची वही खिडकीजवळच्या कपाटात वरच्या खणात आहे. डिस्टिलेशनच्या भांड्यावर मी पातळीची रेघ मारून ठेवली आहे, त्यावर भरू नका. आणि त्या विहिरीचा नमुना पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला यायचा आहे. मंगळवारी दुपारपर्यंत आला नाही तर जलसुरक्षक दादांना फोन करायचा, नंबर मॅडमकडे आहे.